ओठांची ठेवण

गेल्या स्नेहसंमेलनाच्या प्रारंभीं आमच्या नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पांच मिनिटें सनई वाजविली, हें पालकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. टाळ्या पडल्या, मोठ्या माणसांनीं त्याची पाठ थोपटली. पण दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्याच मुलाभोंवतीं चार-सहा जण गाल फुगवून व ओठ पुढें काढून नाचत असलेले मीं पाहिले, आणि त्यानंतर तीन आठवडे त्यानें सनईला हात लावला नाहीं. त्याला बोलावून विचारलें तेव्हां तो एवढेंच म्हणाला, "सर, वाजवितांना माझं तोंड वाईट दिसतं."

हा लेख त्या एका वाक्याकरितां लिहिला आहे. तोंड वाईट दिसतें म्हणजे काय होतें, तें तसें कां करावें लागतें, आणि तसें न करतां तें वाद्य वाजतें कीं नाहीं, हे प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. युरोपांतील शिक्षकांनीं या विषयावर पुस्तकें लिहिलीं आहेत. आपल्या सनईवाल्यांनींही या गोष्टींचा विचार केला. मात्र तो कागदावर फारसा उतरला नाहीं, बापाकडून मुलाकडे गेला. मी स्वतः वादक नव्हे. माझे आजोबा सनई वाजवीत आणि मीं त्यांची एक जिभली दातांनीं चावून फोडली, एवढाच या विद्येशीं माझा प्रत्यक्ष संबंध. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम एक प्रयोग करावा. पिंपळाचें पुरतें वाढलेलें परंतु अजून मऊ असलेलें एक पान घ्या व त्याचा देंठ काढून टाका. एका कडेकडून त्याची सैल सुरळी करा. सुरळीचें एक तोंड दोन बोटांनीं किंचित चपटें करा, आणि तें चपटें तोंड ओठांत धरून फुंका. आपल्या आजी-आजोबांना ही पिपाणी शिकवावी लागली नव्हती. आजच्या मुलांना शिकवावी लागते. पहिल्या खेपेस नुसती हवा जाईल. दुसऱ्या खेपेस तुम्ही ओठ घट्ट दाबाल, आणि मग हवाही जाणार नाहीं. दाब थोडा सैल केला कीं एकदम आवाज फुटेल. ज्या क्षणीं तो फुटला त्या क्षणीं ओठ किती दाबलेले होते, तेवढें ध्यानांत ठेवा.

हें जें झालें तें असें. पानाचे दोन थर एकमेकांजवळ आले व मध्यें बारीक फट राहिली. फटींतून हवा वेगानें जाऊं लागली कीं थर एकमेकांकडे ओढले जाऊन मिटतात. मिटले कीं हवेची वाट बंद होते. मग पानाचा स्वतःचा ताठपणा त्यांना पुन्हां दूर सारतो, आणि हवा पुन्हां जाऊं लागते. हें मिटणें-उघडणें सेकंदास शेंकडों वेळां चालतें, आणि त्यालाच आपण सूर म्हणतों. सनईच्या तोंडाशीं जी दुहेरी पात्यांची जिभली असते, जिला कोणी पत्तीही म्हणतात, ती या पानाची सुधारलेली बहीण होय. ओबो नांवाच्या पाश्चात्य वाद्याच्या तोंडाशींही तशीच जिभली असते. बांसरीला जिभली नाहीं. क्लॅरिनेटला एकेरी असते. पेटींत ती धातूची असते आणि तिला ओठ लागत नाहींत. दोन पातीं समोरासमोर बांधून ओठांच्या स्वाधीन करावयाचीं, हा सनई-ओबोच्या कुळाचा विशेष.

आपण धर्माबादचे लोक या कुळाच्या दोन शाखांच्या सीमेवर राहतों. अलीकडे सनई-चौघडा, आणि सरहद्द ओलांडून बासरच्या पुढें गेलें कीं तेलुगु लग्नांतील सन्नायि-मेळम्. सनई आणि सन्नायि या शब्दांतील नातें कोणाच्याही कानाला कळेल. दक्षिणेचें नागस्वरम् लांबीनें मोठें, त्याची जिभली रुंद, आवाज खुला. देवळाच्या उघड्या प्राकारांत दूरवर पोंचावा म्हणूनच तें घडलें. ओबोचा जन्मही असाच उघड्यावरच्या वाद्यांतून झाला. त्याच्या मूळ फ्रेंच नांवाचा अर्थच 'मोठ्या आवाजाचें लांकूड' असा आहे. त्याचा पूर्वज जो शॉम, त्याच्या जिभलीभोंवतीं ओठ टेकण्याकरितां लांकडाचा एक आधार असे. सतराव्या शतकांत, चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत, फ्रान्समध्यें या वाद्याची पुनर्घटना झाली. ओततेर आणि फिलिदोर या वादक-कारागीर घराण्यांचीं नांवें या कामाशीं जोडलीं जातात. तो आधार गेला, जिभली उघडी पडली आणि तिचा सर्व भार ओठांवर आला. वादकाला कष्ट वाढले; पण आवाज हवा तेव्हां मृदु, हवा तेव्हां मोठा करतां येऊं लागला, आणि वाद्य मैदानांतून दिवाणखान्यांत शिरलें.

आपल्या सनईचा असाच प्रवास विसाव्या शतकांत झाला. नगारखान्यांत आणि लग्नाच्या मांडवाबाहेर बसणारी सनई पुण्याचे शंकरराव गायकवाड यांच्यासारख्यांनीं रागसंगीताच्या बैठकींत नेली. बिस्मिल्ला खां यांचें नांव तर सर्वांस ठाऊक आहे. १९१६ सालीं बिहारांतील डुमरांव येथें ते जन्मले. काशीस मामांजवळ शिकले. १९४७ सालीं स्वातंत्र्याच्या प्रसंगीं दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २००१ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें आणि २००६ सालीं ते निवर्तले. डुमरांवच्या बाजूस शोण नदीच्या काठीं नरकट नांवाचें गवत होतें, त्याची जिभली करितात. ओबोची जिभली ज्या वेताची करितात तोही बोरूच्याच जातीचा. फ्रान्सच्या दक्षिणेकडील वार प्रांतांतील वेत त्याकरितां नांवाजलेला आहे. ज्या जातीच्या गवतानें आपले पणजोबा अक्षरें गिरवीत, त्याच जातीचें गवत पॅरिसच्या वादकाच्याही ओठांत असतें, ही गंमत मला फार आवडते.

ओबो मीं प्रत्यक्ष ऐकला तो मुंबईस. नरिमन पॉइंट येथील एन.सी.पी.ए. या संस्थेचा, २००६ सालीं स्थापन झालेला, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद ऐकण्याचा योग आला होता. कार्यक्रमापूर्वीं सर्व वाद्यें आपापल्या परी किलबिलत होतीं. इतक्यांत मध्यभागीं बसलेल्या एका वादकानें एकच लांब सूर धरला, आणि शंभराजवळ माणसें गप्प होऊन त्या सुराला आपापलीं वाद्यें जुळवूं लागलीं. तो ओबो. त्या स्वराला जिभलीचीं पातीं सेकंदास सुमारें ४४० वेळां मिटतात व उघडतात. मीं डोळे मिटले तर मला आमच्या गल्लींतली लग्नसराई दिसली. डोळे उघडून पाहिलें तेव्हां मात्र एक गोष्ट मनांत भरली: त्या वादकाचें तोंड अगदीं शांत होतें. गाल आंत, हनुवटी सपाट, ओठ जवळजवळ दिसेनासे झालेले.

तें तोंड कसें जमवितात, तें आतां सांगतों. जिभली प्रथम दोन-तीन मिनिटें पाण्यांत भिजवितात, कारण कोरडी जिभली नीट बोलत नाहीं व तडकते. मग तोंड सैल सोडून, खालचा जबडा किंचित खालीं नेऊन, जिभलीचें टोंक खालच्या ओठाच्या तांबूस भागावर, बरोबर मध्यावर टेकवावयाचें. आतां तो ओठ आंत वळवून खालच्या दातांवर गादीसारखा घ्यावयाचा. जिभली त्याच्याबरोबरच आंत येते. वरचा ओठ तसाच वरच्या दातांवर. जिभलीचें केवळ टोंक तोंडांत राहतें, कांहीं मिलिमीटर, अधिक नव्हे. आणि दात तिला कोठेंही लागत नाहींत.

येथवर कोणालाही साधतें. अडतें तें पुढें, म्हणजे ओठ मिटावयाचे कसे येथें. आजीच्या बटव्याची दोरी ओढली म्हणजे त्याचें तोंड सर्व बाजूंनीं सारखें आंवळत जातें. वरून खालीं कोणी दाबीत नाहीं. चुलीवरचें पातेलें उतरविणारी सांडशी मात्र दोनच बाजूंनीं धरते. नवशिका, मग तो ओबोचा असो वा सनईचा, जिभली सांडशीनें धरतो. वर-खालून दाब आला कीं दोन पात्यांमधील फट चपटी होते, सूर चढतो, बारीक व कर्कश होतो, आणि आणखी दाबलें तर पिंपळाच्या पानाप्रमाणें बंदच पडतो. बटव्याप्रमाणें धरलें तर ओठांचे कोपरे जिभलीला दोन्ही बाजूंनीं सांवरतात, त्यामुळें फट उघडी राहते, आणि वर-खालचे ओठ फक्त मऊ उशीचें काम करितात. ही उशी पात्यांच्या कंपांतील खरखर शोषून घेते. तिच्यावांचूनचा सूर कसा लागतो हें पाहावयाचें असेल तर पिपाणी सबंध तोंडांत घालून फुंकून पाहावी. आवाज मोठा येईल, पण त्याला लगाम राहणार नाहीं.

कोपरे बरोबर आहेत कीं नाहींत हें ओळखण्यास 'ऊ' हा स्वर उपयोगी पडतो. 'ऊ' म्हणतांना कोपरे पुढें येतात, 'ई' म्हणतांना मागें ओढले जातात. 'ई'चें हंसरें तोंड छायाचित्राला चांगलें, या वाद्याला वर्ज्य. दुसरी खूण हनुवटीची. ती सपाट व खालीं ताणलेली असावी. तिच्यावर लिंबाच्या सालीसारखे खळगे पडले तर जबडा वर येऊं लागला, चावणें सुरू झालें, असें खुशाल समजावें. म्हणून ओबोचे शिक्षक विद्यार्थ्याला आरशासमोर बसवितात. आपलें तोंड आपल्याला वाजवितांना दिसत नाहीं, आणि कान चूक सांगतो ती फार उशिरा.

उंच स्वरांकडे जातांना चावण्याचा मोह सर्वांत अनावर होतो. ओठ आंवळले कीं स्वर चढतो हें खरें. पण तो उसना चढतो, आणि लवकरच बेसूर होतो. उंच जावयाचें तर श्वासाचा आधार वाढवावा लागतो, आणि खालीं उतरतांना जबडा जरा सैल सोडावा लागतो. स्वरांची सुरुवात जिभेनें करावयाची: जिभेचें टोंक जिभलीच्या टोंकाला हळूच लागून सुटतें, 'तू' म्हणतांना सुटतें तसें. जीभ हें दार उघडणारें. हवा दारामागें आधींपासून उभी पाहिजे. अनेक मुलें जिभेनेंच फुंकूं पाहतात.

सनईचें प्रकरण याहून अवघड आहे, असें माझें मत आहे. ओबोच्या नळीवर चाव्यांचें जाळें असतें. कोमल-तीव्र सर्व स्वरांची सोय तीं बोटें आणि चाव्या करितात, आणि ओठांचें मुख्य काम स्थिर राहण्याचें. सनईला चावी नाहीं. बोटांनीं झांकावयाचीं बहुधा सात छिद्रें, जुळवाजुळवीकरितां खालच्या अंगास एखाद्या छिद्रांत भरलेलें मेण, आणि बाकीचें सर्व ओठांवर व अर्धवट उघडणाऱ्या बोटांवर. षड्जावरून निषादाकडे घसरत येणारी मींड पाहा. बोट हळूहळू छिद्र झांकीत असतें, त्याच वेळीं ओठ केसभर सैल होत असतात. दोघांचें जुळलें तरच ती एका रेषेनें उतरते. म्हणून सनईवाला जिभली ओबोवाल्यापेक्षां अधिक तोंडांत घेतो व ओठ थोडे मऊ ठेवितो. ओबो शिकणाऱ्यास सांगावें लागतें कीं ओठ हलवूं नकोस. सनई शिकणाऱ्यास सांगावें लागतें कीं हलव, पण हिशेबानें. आणि दोघांनाही सांगावें लागतें कीं चावूं नकोस.

येथें माझी हकीकत सांगतों. मी बारा वर्षांचा असेन. आजोबांची सनई पेटीच्या झांकणावर असे. तिच्या गळ्याशीं दोऱ्यानें बांधलेल्या तीन-चार जादा जिभल्या आणि पातीं उघडण्याची एक बारीक सळई लोंबत असे. ते बाहेर गेले असतां मीं ती उचलली. फुंकलें, आवाज येईना, दाबलें, येईना, तेव्हां दातांनींच धरलें. कट् असा आवाज झाला आणि जिभलीचें टोंक माझ्या जिभेवर आलें. आजोबांनीं मारलें नाहीं. दुसरी जिभली काढून ती आपल्या तोंडांत बराच वेळ भिजवीत बसले, आणि मग म्हणाले, "दात भाकरीला, बाबा. इथं दाताचं काम न्हाई." मग त्यांनीं माझ्या ओठांत आपलें करंगळीचें टोंक धरावयास लावलें. मीं धरलें कीं म्हणत, दुखतंय. सैल केलें कीं म्हणत, सुटलं. असें कितीतरी वेळ चाललें. मुंबईस ओबोवाल्याचें तें शांत तोंड पाहिलें तेव्हां मला ती करंगळी आठवली.

मी पुढें शिकलों नाहीं. आमचें घराणें ख्रिस्ती झाल्यावरही आजोबा लग्नांतून वाजवीत असत. वडिलांना तें आवडत नसे. शिकल्या-सवरल्या माणसाच्या घरांत ती वस्तु नको असें त्यांना वाटे. आजोबा गेल्यावर सनई कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला, तें मीं विचारलें नाहीं, आणि आतां विचारावयास कोणी उरलें नाहीं.

आतां गालांविषयीं. ओबोचा वादक गाल फुगवीत नाहीं. त्याच्या जिभलीची फट इतकी अरुंद असते कीं हवा फार थोडी लागते, मात्र ती मोठ्या दाबानें द्यावी लागते. त्यामुळें त्याची अडचण विलक्षण असते: छातींतली हवा संपत नाहीं, पण शिळी होते. जीव गुदमरतो तो भरलेल्या फुप्फुसानें. म्हणून त्याला ओळीच्या शेवटीं आधीं उरलेली हवा बाहेर टाकून मग नवी घ्यावी लागते. सनईची गोष्ट निराळी. मुख्य वादकाशेजारीं जो नुसता सूर धरून बसतो त्याला श्वासाकरितां थांबतांच येत नाहीं. तो गालांत हवेचा सांठा करितो. आणि गालांचे स्नायू ती हवा जिभलींत ढकलीत असतांनाच नाकानें नवा श्वास घेतो. पुढें छाती पुन्हां आपलें काम हातीं घेते. याचा सराव घरीं करतां येतो. पेलाभर पाण्यांत पपईच्या पानाचा पोकळ देंठ किंवा साधी नळी घालून बुडबुडे काढावेत, आणि नाकानें श्वास घेतांना बुडबुडे तुटूं देऊं नयेत. प्रथम ते तुटतात, पाणी नाकांत जातें, घरचे ओरडतात. साधेल तेव्हां असें वाटतें कीं आपल्या अंगांत दोन माणसें आळीपाळीनें फुंकीत आहेत. सनईवाल्याचे फुगलेले गाल म्हणजे ही सांठवण. त्यांत हंसण्यासारखें तितकेंच आहे जितकें पखालीच्या पोटांत.

मात्र येथें एक भेद करावयास हवा. आमच्या विद्यार्थ्याला मीं एक दिवस पेटीच्या खोलींत बोलावून समोर आरसा ठेविला व वाजवावयास सांगितलें. गाल फुगले, तें ठीक. पण हनुवटीवर लिंबाची साल उमटली होती, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, भुंवया कपाळांत गेल्या होत्या, आणि वरचा षड्ज चढा लागत होता. पांच मिनिटांनीं ओठ काढले तर खालच्या ओठाच्या आंतल्या बाजूस दातांचे व्रण. मुलें ज्या तोंडाला हंसलीं त्यांतील निम्मा भाग कामाचा होता आणि निम्मा चुकीचा. सनई वाजविणाराचें तोंड वांकडें होतें असें नव्हे, चावणाराचें होतें. हें मीं त्याला सांगितलें तेव्हां तो आरशाकडे बराच वेळ पाहत राहिला.

चावण्याचें कारण पुष्कळदां ओठांत नसतेंच, जिभलींत असतें. जिभली जाड किंवा फार उघडी असली कीं ती बोलावी म्हणून मुलगा दाबतो, आणि दाबण्याची संवय लागते. मोठ्या माणसाची जिभली मुलाच्या ओठांना बहुधा जड पडते. ती टोंकाशीं अंमळ पातळ करून घ्यावी. आणि ओबो असो, सनई असो, वाद्याला जोडण्यापूर्वीं नुसती जिभली फुंकून पाहावी. ती सहज, एका सुरांत बोलली तर पुढचें तोंड सोपें. ओठांभोंवतीं जो वर्तुळाकार स्नायू आहे तो शिट्टी, चुंबन आणि फुंकर यांपलीकडे आयुष्यांत फारसा कामाला लागलेला नसतो. दहा मिनिटांत तो थकतो, आणि थकला कीं त्याच्या मदतीला जबडा धांवतो. म्हणून आरंभीं दहा मिनिटें वाजवावें, तितकाच वेळ थांबावें, पुन्हां दहा मिनिटें. सलग तासभर घांसण्यानें चुकाच पक्क्या होतात. दुधाचे दात पडून पुढचे पक्के दात येईपर्यंत मुलाला घाई करूं नये. आणि आपल्या गांवापुरती एक सूचना: मिरचीच्या हंगामांत मोंढ्यावरून आल्यावर हात आणि तोंड दोनदां धुतल्याखेरीज जिभलीला स्पर्श करूं नये. भिजलेली जिभली तिखट विसरत नाहीं. हें मी ऐकीव सांगत नाहीं.

मुलाच्या वडिलांना मीं बोलावणें पाठविलें. ते स्वतः सनई वाजवितात. पूर्वीं लग्नसराईंत त्यांना उसंत नसे. मग बँड आले, मग डी.जे. आले, आणि आतां मुहूर्ताच्या वेळीं कांहीं मिनिटें त्यांना बोलावतात, कधीं तेंही ध्वनिफितीवर भागतें. ते खोलीच्या दाराशींच उभे राहिले. "सर, पोरगं शिकून नोकरीला लागू द्या," ते म्हणाले. "हे तोंड लावायचं काम माझ्यापासून पुढं नको."

'तोंड लावायचं काम' या तीन शब्दांत किती जुनें दुखणें आहे, हें आपल्या देशांत सांगावयास नको. तोंडाला लागलेली वस्तु उष्टी. म्हणून जें वाद्य ओठांत धरावें लागतें तें वाजविणें कमी लेखलेल्या जातींकडे आलें. सनईशिवाय मुहूर्त नाहीं, तिला मंगलवाद्य म्हणावयाचें, आणि वाजविणाऱ्याला मांडवाबाहेर बसवून त्याचें पान वेगळें मांडावयाचें. वीणा वाजविणाऱ्या हातांवर ही पाळी आली नाहीं. माझ्या वडिलांनीं सनई घरांतून घालविली ती त्यांना संगीत नावडत होतें म्हणून नव्हे. एकाची जिभली दुसऱ्यानें तोंडांत घालूं नये, हा नियम मी वर्गांत कडकपणें पाळावयास लावतों, आणि २०२० सालच्या सांथीनंतर तो कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. पण ती स्वच्छता झाली. ती डॉक्टरला आणि वाजंत्र्याला सारखीच लागू आहे; विटाळ मात्र फक्त वाजंत्र्यालाच लागू होता.

हें सर्व मीं त्या गृहस्थांना बोलून दाखविलें नाहीं. मीं त्यांना एवढेंच विचारलें कीं मुलगा चावतो, याला काय करावें? हा प्रश्न मीं मास्तर म्हणून नव्हे, न समजणारा माणूस म्हणून विचारला होता, आणि तो तसा होताच. ते आंत आले. सनई हातांत घेऊन जिभली काढली, उजेडाकडे धरली, आणि म्हणाले, "ही माझी हाय. ह्याच्या ओठाला जड." मग खिशांतून एक पातें काढून तिचें टोंक हळूहळू खरवडूं लागले. मधून मधून तोंडांत घालून फुंकून पाहत होते. वीस मिनिटें खोलींत कोणी बोललें नाहीं. मग त्यांनीं ती धुऊन मुलाला दिली, आणि त्याच्या हनुवटीखालीं आपला अंगठा ठेविला. ही वर आली कीं थांबायचं, म्हणाले.

त्यानंतर मुलगा आठवड्यांतून तीन दिवस शाळा सुटल्यावर पेटीच्या खोलींत आरशासमोर बसतो. वर्गांतील दोघे, जे पूर्वीं गाल फुगवून नाचत होते, पिंपळाच्या पिपाण्या घेऊन खिडकीशीं येतात; त्यांना अजून दोन सुरांपलीकडे जातां आलेलें नाहीं. गेल्या गुरुवारीं मीं घड्याळ लावून पाहिलें. मध्य षड्ज त्यानें न थांबतां एक मिनिट दहा सेकंद धरला. पन्नासाव्या सेकंदाच्या सुमारास हनुवटी किंचित वर आली. त्यानें ती आरशांत पाहिली, आणि खालीं नेली.